बाटलीचे वय आणि आपले वय

दवाखान्यात महत्त्वाचा प्रश्न बहुधा उठता उठता विचारला जातो. रक्तदाब मोजून झालेला असतो, चिठ्ठी हातात दिलेली असते, आणि दाराशी पोहोचलेला रुग्ण मागे वळून म्हणतो, "डॉक्टरबाई, आणखी एक विचारायचं होतं."

लालबागचे ७८ वर्षांचे एक काका गेल्या हिवाळ्यात असेच दारातून परत फिरले. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती आणि त्यासाठी धाकटा मुलगा पॅरिसहून येणार होता. हा मुलगा दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकला, काही वर्षे जहाजावर होता आणि आता तिकडच्या एका उपाहारगृहात वाइनचे काम पाहतो. आईवडिलांच्या सोहळ्यासाठी तो फ्रान्सच्या बोर्दो भागातली एक जुनी बाटली आणणार होता. बाटली १९८२ सालची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जन्मसालाची.

"एक घोट घेतला तर चालेल का?" काकांनी आवाज खाली आणून विचारले. काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

१९८२ हे साल लालबाग-परळमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा काका साळखात्यात होते. त्याच वर्षी हा मुलगा झाला. पुढे काकींनी डबे करून संसार ओढला. काकांचे थोरले भाऊही गिरणीतलेच. हाताला काम उरले नाही तेव्हा त्यांनी गुत्त्याची वाट धरली आणि काही वर्षांतच ते गेले. तेव्हापासून त्या घरात दारूचा थेंब आलेला नव्हता. बोर्दोमध्ये मात्र १९८२ चा द्राक्षहंगाम गेल्या शतकातल्या गाजलेल्या हंगामांपैकी एक मानला जातो. काकांना मुलाने हे फोनवर सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "बरं झालं, कुठेतरी चांगलं पिकलं."

काका-काकींच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ही हकीकत लिहीत आहे. घरात मंगलप्रसंग, हौसेने आणलेली बाटली आणि मधोमध औषधे घेणारी वडीलधारी मंडळी, असे चित्र हल्ली अनेक घरांत दिसते. प्रश्न मात्र डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

माझी एक चूक

काकांना मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी दादरच्या एका आजींच्या लेकीने मला फोनवर हेच विचारले होते. आजींचा ७५ वा वाढदिवस होता. मी दुसऱ्या रुग्णाला तपासत होते. "एखादा पेला चालेल," असे म्हणून मी फोन ठेवला. आजींची रक्तदाबाची गोळी मला माहीत होती. महिन्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांकडून सुरू झालेली झोपेची गोळी मला माहीत नव्हती, कारण मी विचारलेच नाही. त्या रात्री दोनच्या सुमारास स्वच्छतागृहाकडे जाताना आजी पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्याही झाल्या, पण पुन्हा कधी एकट्याने जिना उतरल्या नाहीत.

त्या कुटुंबाने मला कधी दोष दिला नाही. तरीही औषधांची पिशवी समोर उघडल्याखेरीज "चालेल" हा शब्द मी तेव्हापासून वापरलेला नाही.

जुनी म्हणजे सौम्य का?

काकांच्या मुलाशी मी फोनवर सविस्तर बोलले. त्याच्याकडून जे ऐकले ते वाचकांनाही रंजक वाटेल. तांबड्या वाइनला तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिनमुळे, कोऱ्या चहाला येतो तसाच. बाटली वर्षानुवर्षे आडवी, अंधारात आणि १२-१४ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ठेवली, तर ही टॅनिने एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचा काही भाग साका होऊन तळाशी बसतो. जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळांचा वास मागे पडतो आणि त्या जागी वाळलेली पाने, तंबाखू, चामडे, ओली माती अशा वासांची छटा येते. घोट जिभेवर मऊ लागतो. म्हणून अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, ठिसूळ झालेले बूच हलक्या हाताने काढायचे आणि साका न ढवळता सावकाश ओतायचे. फार जुनी वाइन हवा लागल्यावर लवकर उतरते, त्यामुळे ती तासन् तास उघडी ठेवायची नसते.

आता डॉक्टर म्हणून मला जे सांगायचे आहे ते. वयाबरोबर वाइनचा तुरटपणा कमी होतो, अल्कोहोल नाही. बाटलीवर १२.५ टक्के छापलेले असेल, तर चाळीस वर्षांनीही ते जवळजवळ तेवढेच असते. म्हणजे १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. घशाला बोचत नाही म्हणून पेला पटकन रिकामा होतो, एवढाच काय तो फरक.

आपल्या शरीराचे मात्र उलट होते. वाढत्या वयात शरीरातले पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच पेयाने रक्तातली अल्कोहोलची पातळी तरुणपणापेक्षा अधिक चढते. यकृताचे काम मंदावते. तोल सांभाळणारी यंत्रणा आधीच थोडी डळमळीत झालेली असते. "पूर्वी मला काही होत नसे," हे ज्येष्ठांचे वाक्य खरे असते, पण ते पूर्वीच्या शरीराबद्दलचे असते.

आणखी एक सूचना. अनेक घरांत कुणीतरी परदेशातून आणलेली बाटली शोकेसमध्ये वर्षानुवर्षे उभी असते. "जितकी जुनी तितकी चांगली" असा समज असतो. मुंबईच्या उकाड्यात कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेली वाइन मुरत नाही, बिघडते. शिवाय बाजारातल्या बहुतेक वाइन, नाशिककडच्या धरूनच, काही वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. मुरवण्याजोग्या थोड्या, आणि त्यांनाही थंड जागा लागते.

"हृदयाला चांगली असते ना?"

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि त्याचे मूळ फ्रान्समध्येच आहे. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकाराचे मृत्यू तुलनेने कमी दिसतात, आणि त्यामागे वाइन असावी, ही कल्पना १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचली. १९९२ मध्ये सेर्ज रनो आणि मिशेल द लॉर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचे नाव गाजले.

नंतरच्या काळात या निष्कर्षांतले कच्चे दुवे पुढे आले. न पिणाऱ्यांच्या गटात, आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही मोजली गेली होती. त्यामुळे थोडी पिणारे अधिक निरोगी दिसत होते. बेताने वाइन घेणारी माणसे बऱ्याचदा सुस्थितीतली, नीट जेवणारी आणि चालणारी-फिरणारी असत, त्याचाही वाटा होता. रेस्व्हेराट्रॉल म्हणाल तर पेल्यात ते एखाद-दुसरा मिलिग्रॅमच असते, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यासाठी पंधरा ग्रॅम अल्कोहोल पोटात घालणे हा व्यवहार तोट्याचा आहे.

दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत गणले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, आणि तंबाखूची जोड मिळाली की तोंड-घशाचा धोका कितीतरी वाढतो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या फाटकाशी उभी असलेली माणसे रोज पाहणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळे सांगावे लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही.

तेव्हा आजवर वाइन न घेतलेल्या कुणीही ती प्रकृतीसाठी सुरू करू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आरोग्याच्या कारणासाठी परवान्याची तरतूद आहे, त्यावरून काही आजोबा माझी थट्टा करतात की सरकारच औषध मानते. मी त्यांना सांगते, परवाना सरकारचा असला तरी रक्तदाब तुमचा आहे. तीच गोष्ट द्राक्षासवाची. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते. वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे, पण डॉक्टरांना औषधे सांगताना तेही सांगावे.

औषधांची पिशवी

काकांना मी दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितले. सोबत काकींनाही.

पिशवीतून निघाले ते असे: हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आणि रक्तदाबाची गोळी, दोन्ही मला माहीत. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, हीही माहीत. तळाशी क्लोनाझेपामची अर्धी पट्टी. ती शेजाऱ्यांनी दिली होती. "झोप नाही आली तर अर्धी घेतो, रोज नाही." पंधरा वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा माझ्या टेबलावर होती.

मद्याशी ज्यांचे जमत नाही अशी, ज्येष्ठांच्या घरात नेहमी सापडणारी औषधे पुढे देत आहे. ही यादी पूर्ण नाही. आपली औषधे आपल्या डॉक्टरांना दाखवावीच.

• झोपेची व चिंतेवरची औषधे (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम), तसेच ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके: गुंगी दुप्पट होते, श्वास मंदावतो, माणूस पडतो. एकत्र मुळीच नको.

• मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड: साखर एकदम उतरू शकते, कधी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा. घाम, बरळणे, गोंधळ ही लक्षणे "चढली असेल" म्हणून दुर्लक्षिली जातात, हा खरा धोका. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर, दूरच राहावे.

• रक्त पातळ करणारी औषधे, तसेच अ‍ॅस्पिरिन आणि सांधेदुखीच्या गोळ्या: रक्तस्रावाचा संभव वाढतो.

• छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, प्रोस्टेटची व रक्तदाबाची औषधे: उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

• मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल: मळमळ, उलट्या, धडधड होऊ शकते. औषध संपल्यावरही तीन दिवस थांबावे.

• संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट: यकृतावर दुहेरी भार पडतो.

गोळी चुकवून पेला घेणे हा उपाय नव्हे. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची गोळी "आजच्या दिवस नको" म्हणून सोडणे अधिक धोक्याचे. झोपेची गोळी रोज घेणाऱ्यांनीही ती मनाने अचानक बंद करू नये. त्यांनी पेलाच टाळावा.

ती संध्याकाळ

काकांच्या रक्ताची तपासणी नुकतीच झाली होती आणि ती ठीक होती. झोपेची गोळी ते क्वचितच घेत, आणि गेल्या दहा दिवसांत एकदाही घेतली नव्हती. ती पट्टी मी ठेवून घेतली. मग मुलाला विचारले, तुमच्या धंद्यात वाइन चाखतात ती किती? तो म्हणाला, पेल्याच्या तळाला असते तेवढीच, आणि दिवसभर कितीतरी बाटल्या चाखायच्या असल्या की ती थुंकून टाकतात. काका हसले, "म्हणजे पानासारखंच की!"

तिथे मला उत्तर सापडले. पिणे वेगळे आणि चाखणे वेगळे. चवीतला फार मोठा भाग वासाचा असतो. रंग पाहणे, वास घेणे आणि जिभेवर घोट फिरवणे, एवढ्यात त्या बाटलीतले बहुतेक सारे हाती लागते. ३० मिलिलिटर म्हणजे सुमारे तीन ग्रॅम अल्कोहोल. काकांसाठी मी तेवढेच, एकदाच आणि ओतून पुन्हा न भरण्याच्या अटीवर मान्य केले. ही परवानगी काकांची प्रकृती पाहून त्यांना दिलेली होती. वाचकांनी ती आपल्यासाठी गृहीत धरू नये.

"पण आधी काकींना विचारा," मी म्हटले. काकी समोरच होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजींनी प्यायली ती निराळी. पोरगं एवढ्या लांबून आणतंय, त्याला नाही कशाला म्हणू? पण बाटली रात्री घरात राहायला नको."

आणखी एक नाव काकींनीच काढले. थोरल्या दिरांचा मुलगा, सहा वर्षांपूर्वी दारू सोडलेला, अजून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना जाणारा. ज्याने दारू सोडली आहे त्याच्यासाठी 'चाखण्यापुरती' हे माप नसतेच. त्याला प्रसंगाच्या मध्यावर बाटली दिसू नये, आधी कळवावे आणि निवड त्याच्यावर सोडावी, असे मी सुचवले. त्याने सांगितले, मी जेवायला येतो, त्याआधी तुमचे आटपा.

तसेच झाले. मलाही बोलावणे होते. संध्याकाळी सात वाजता, पोटात थोडे पाव-चीज गेल्यावर, मुलाने बूच काढले. चार-पाच पेल्यांत थोडी थोडी ओतली. विटकरी रंग दिव्यासमोर धरून दाखवला. काकांनी खुर्चीत बसूनच वास घेतला आणि म्हणाले, "पावसाळ्यात कापसाच्या गोदामात असा वास यायचा." काकी पिणार नव्हत्या, कुणी आग्रहही केला नाही. पण आयुष्यभर मसाल्यांचा वास घेऊन पारख केलेल्या त्या नाकाने पेला जवळ घेतला. "जुन्या लाकडी पेटीतल्या साडीसारखा आहे," त्या म्हणाल्या. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, आमच्याकडे हे ओळखायला वर्षे लागतात.

काकांनी घोट घेतला. त्यांना तो आंबट लागला. "चांगली आहे," ते मुलाला म्हणाले, आणि पेला खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले. भावाचे नाव कुणी काढले नाही. आठाच्या आत बाटली रिकामी करून खाली गेली, पेले विसळून त्यांत कोकमाचे सरबत भरले, पुतण्या आला आणि कोंबडी-वड्यांची पंगत बसली. त्या रात्री मुलगा वडिलांच्याच खोलीत झोपला आणि मोरीपर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवला.

घरच्यांसाठी थोडे

• बाटली उघडायच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि औषधांची पिशवी दाखवून विचारावे. शेजाऱ्यांनी दिलेली गोळीही त्यात हवी.

• यकृताचा आजार, पोटातला व्रण, अपस्मार, स्मृतिभ्रंश, अलीकडे झालेला पक्षाघात किंवा वारंवार पडण्याची सवय असेल, तर उत्तर 'नाही' असेच धरावे.

• जेवणाच्या पंगतीतला आग्रह पेल्याला लावू नये. "आजच्या दिवस घ्या हो" हे प्रेमाचे वाक्य असले, तरी त्याची किंमत वडीलधाऱ्यांना मोजावी लागते.

• न घेणाऱ्यांना तसाच पेला, त्यात सरबत. कुणी वेगळे दिसत नाही.

• रिकाम्या पोटी नको, उभ्याने नको, रात्री उशिरा नको. त्या रात्री वडीलधाऱ्यांजवळ कुणीतरी झोपावे.

• रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस बरा दिसत असला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्ती असंबद्ध बोलू लागली तर आधी साखर तपासावी. शुद्धीवर असल्यास साखरेचे पाणी द्यावे, शुद्ध हरपत असल्यास तोंडात काही न घालता १०८ ला फोन करावा.

पुढच्या महिन्यात काका तपासणीसाठी आले. रक्तदाब ठीक होता. उठता उठता मागे वळले तेव्हा मला वाटले, आणखी एखादा प्रश्न. ते म्हणाले, "ती रिकामी बाटली हिने ठेवलीय हां. धुऊन, देवळीत. आता त्यात मनीप्लांट लावलाय." दारातून काकींनी मान हलवली, आणि दोघे सावकाश, कठड्याला धरून, जिना उतरू लागले.